मुडपलेले नऊ इंच

४ ऑगस्ट, सोमवार

सुट्टीनंतरचा पहिला दिवस आणि थेट दुबईतलं रास अल खोरचं गोदाम. बाहेर सेहेचाळीस अंश, आत चित्रांसाठी एकवीस. शाल विसरले होते.

रोनितचं मोठं चित्र आज खोक्यातून निघालं. आमच्या संग्रहालयाच्या सप्टेंबरच्या प्रदर्शनाला सर्वांत जास्त चित्रं रोनितच देतो आहे. कंपनी सरकारच्या साहेबांची पोर्ट्रेट्स त्याने लंडनच्या लिलावांतून जमवली आहेत. हे सर एडमंड हॅलवेल. वीस वर्षं मुंबईत कंपनीची चाकरी, मग विलायतेत पार्लमेंटचे सभासद. साल १७८८. लाल मखमली कोट, एक हात नकाशावर, दुसरा कमरेवर, खिडकीबाहेर गलबत. माझं काम नेहमीचंच: चित्रावरची प्रत्येक चीर, डाग, खरवड नोंदवायची आणि मग शेजारी लागणारी साठ शब्दांची पाटी लिहायची. दहा वर्षं मी पाट्या लिहिते आहे.

फ्रेम उतरवताना रामचंद्र म्हणाला, "मॅडम, ही बोटं कुणाची?"

रामचंद्र चित्रं उचलणाऱ्या-टांगणाऱ्या माणसांचा मुकादम. कणकवलीकडचा, राहतो मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात. त्याने दाखवलं तिथे, अगदी डाव्या कडेला, चांदीच्या तबकाची कड होती आणि तिच्यावर चार सावळी बोटं. फोटोत मला ती पडद्याची झालर वाटली होती.

"साहेबाचे दोन्ही हात इथं आहेत," तो म्हणाला. "मग तिसरा?"

चित्र उलटं केलं. डावीकडे कॅनव्हास चांगला नऊ इंच जास्तीचा होता, लाकडी चौकटीमागे मुडपून बारीक खिळ्यांनी ठोकलेला. त्या पट्टीवर रंग होता. एक बाई. तिशीची असेल. केस मागे घट्ट बांधलेले, हातात तबक, गळ्यात चांदीचं रुंद कडं, त्याला पुढे बारीकसं कुलूप. कुत्र्याला असतं तसं. घडीमुळे गालावरचा रंग उडालाय, पण डोळे शाबूत आहेत आणि ते साहेबाकडे नाही, सरळ आपल्याकडे बघतात.

रामचंद्रने वाकून तिचा चेहरा नीट पाहिला. मग म्हणाला, "गावची वाटता."

मी नोंदीत लिहिलं: 'डावी बाजू, नऊ इंच, मुद्दाम मुडपलेली.' मुद्दाम हा शब्द तांत्रिक नोंदीत चालत नाही. ठेवला.

शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. घरी आले तर आमच्याकडे राहून काम करणाऱ्या दर्शनाने आईंना व्यायाम करवून, आंघोळ घालून, खिडकीपाशी बसवलं होतं. जूनमध्ये सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. नवरा चारुदत्त, लेक मुग्धा आणि मी पुण्याला गेलो तेव्हा तीन आठवडे हिने एकटीने त्यांचं सगळं केलं. माणूस मिळावं तर असं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

लिलाववाल्यांच्या फाइलमध्ये हॅलवेलच्या मृत्युपत्राची प्रत सापडली. कुणी वाचलीच नव्हती. घोडागाडी, दोन घड्याळं, चहाचा संच आणि त्याच यादीत 'ज्युलियाना नावाची माझी गुलाम बाई, माझी बहीण मेरी हिला'. ज्युलियाना हे काही तिच्या आईने ठेवलेलं नाव नसणार. सुरतेला, वसईला, मुंबईत कुठे विकत घेतली कोण जाणे.

आणि त्याच फाइलमध्ये, चारच पानं पुढे, हॅलवेलचं पार्लमेंटातलं १७९२ चं भाषण! माणसांचा बाजार हा ख्रिस्ती राष्ट्रावरचा कलंक आहे, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्याची नोंद आहे. टाळ्या! संध्याकाळी घरी गेल्यावर याला जेवण कोणी वाढलं असेल? बहिणीच्या एका पत्रात याचं उत्तरही आहे: एडमंडचा व्यापाराला विरोध आहे, पण ज्युलियानाचा व्यापाराशी काय संबंध, ती तर घरातली; तिला कसली उणीव नाही.

मी इतकी संतापले की फाइल तिथेच टाकून पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. पुढे गुलामगिरीविरोधाचे दिवस आले, घराण्याला 'आमचे पूर्वज त्या चळवळीत होते' असं मिरवायचं होतं, म्हणून कुणीतरी नातवाने तिला मुडपून मागे ठोकली असणार. हा माझा तर्क. पाटीवर तर्क म्हणूनच लिहीन.

१० ऑगस्ट, रविवार

दर्शनाने आज सुट्टी मागितली. तिच्या मुलीचं, संजनाचं, एप्रिलमध्ये लग्न झालं (तेव्हाही हिला जाता आलं नाही, आई पहिल्यांदा पडल्या त्या तेव्हाच). आता गौरीला संजनाचा पहिला ओवसा आहे, म्हणजे भरलेली सुपं तिने गौरीपुढे ओवाळायची. त्यांच्याकडे नव्या नवरीचा पहिला ओवसा गौरी पावसाच्या पूर्वा नक्षत्रात आल्या तरच होतो; यंदा आहेत, पुढच्या वर्षी नाहीत. सुपं माहेरून जातात, आईने भरायची. गौरीपूजन एक सप्टेंबरला.

"एकतीसला सकाळी घरी पोचले पाहिजे, ताई. सुपं आदल्या दिवशी सजवावी लागतात."

मी तिला सुरुवातीलाच सांगून ठेवलंय, मॅडम म्हणायचं नाही, ताई म्हण. मी म्हटलं, "बघू या गं. पंचवीसला मुग्धाची शाळा सुरू होतेय, चारला माझं उद्घाटन. पाच तारखेला गेलीस तर?"

"गौरी पाचपर्यंत थांबत नाहीत."

हसून म्हणाली. मीही हसले. चारूशी बोलायला हवं.

१३ ऑगस्ट, बुधवार

कशफच्या खोलीत बैठक. कशफ आमची संचालक, लाहोरची, कामात वाघीण. पण रोनित समोर असला की आवाज मऊ होतो.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. घडी उलगडून चित्र पूर्ण दाखवायचं आणि पाटीवर 'गुलाम' हा शब्द लिहायचा.

रोनितने फाटे फोडले. "सुनेत्राजी, ही फ्रेंडशिप एक्झिबिशन आहे. कौन्सुलेटची माणसं येणार. गुलाम कशाला? अटेंडंट लिहा ना."

"गळ्यात कुलूप घातलेली अटेंडंट?"

"दागिना असेल."

"तुमच्या मिसेसना द्या मग तसा करून."

कशफने टेबलाखालून पाय मारला. "सुनेत्रा जान, पाणी पी." मग म्हणाली, "हाउसहोल्ड मेंबर? बीच का रास्ता?"

मी म्हटलं, "मृत्युपत्रात ती चहाच्या संचाच्या खाली आहे. चहाचा संच हाउसहोल्ड मेंबर होता का?"

रोनित चिडला. "इंग्रजांनाच का धरता? तुमच्या पेशवाईत काय होतं? तुम्ही पुण्याच्याच ना?"

त्याला वाटलं मी गप्प बसेन. मी म्हटलं, कुणबिणी होत्या. सरकारी कोठीत होत्या, वाड्यांत होत्या, विकत घेतल्या जात, दान दिल्या जात, किमतींच्या नोंदी दफ्तरात आहेत. एम.ए.ला असताना मी त्या वाचल्यात. आणि सरांना विचारलं होतं की आपण यांना 'दासी' का म्हणतो, तर सर म्हणाले, 'अहो, त्या घरच्यासारख्या असत.' तेव्हा मी वहीत तेच लिहून घेतलं. वीस वर्षांपूर्वी उलटून बोलले नाही, म्हणूनच आज बोलते आहे.

हे सगळं मी खरंच मोठ्याने बोलले. निर्णय पुढच्या आठवड्यावर.

गाडीत बसल्यावर स्वतःला विचारलं: यात माझा अहंकार किती? पाटी माझी म्हणून भांडते की त्या बाईसाठी? प्रामाणिक उत्तर: साठ-चाळीस. कुठलं साठ ते आज सांगता येत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

चारूला दर्शनाचं सांगायचं राहिलं. तो उशिरा आला आणि आल्यावर क्रिकेट.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज दुसऱ्याच गोष्टीने डोकं फिरलं. रामचंद्र कॅटलॉगची खोकी घरी पोचवायला आला होता. दर्शनाने पाणी दिलं, दोघांचं गावावरून गाव निघालं, नदीच्या अलीकडचा तो, पलीकडची ती. मालवणीत अशी काही जुंपली की आई म्हणाल्या, "अरे, मलाही सांगा रे, मी काय परकी?"

जाताना रामचंद्र सहज बोलून गेला की गणपतीला जायचा विचार होता, पण पासपोर्ट त्याच्या मॅनेजरकडे. त्याच्यासकट चौघांचे. माणसं पुरवणाऱ्या कंपनीने 'सेफ कस्टडी'त ठेवलेत.

सेफ कस्टडी! हे इथल्या कायद्याने चक्क बेकायदा आहे. मी तिथल्या तिथे मॅनेजरला फोन लावला. तो म्हणे, "मॅडम, ही माणसं हरवतात. त्यांच्याच भल्यासाठी." मी म्हटलं, "ती मोठी माणसं आहेत. स्वतःची वस्तू हरवायचाही त्यांना हक्क आहे. गुरुवारपर्यंत मिळाले नाहीत तर मी लेखी तक्रार करणार आणि आमच्या संग्रहालयाचं कंत्राटही विसरा."

फोन ठेवला तेव्हा दर्शना दारात उभी होती. रामचंद्र म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोललात, आता काम झालं." मग तिच्याकडे बघून, "हिचं काय ते पण बघा."

"दर्शनाचा ना? आमच्याच कपाटात आहे, लॉकरमध्ये, माझ्या दागिन्यांबरोबर," मी म्हटलं. "तिची काळजी नको."

२१ ऑगस्ट, गुरुवार

चौघांचे पासपोर्ट मिळाले! रामचंद्रने फोटो पाठवला, चार माणसं, हातात चार निळ्या पुस्तिका, दात काढून हसताहेत. दिवसभर फोन काढून बघत होते. एखादं काम तरी पुरं केलं.

२४ ऑगस्ट, रविवार

दर्शनाने परवा विचारलं, आज पुन्हा विचारलं. मी मान्य करते, चारूशी बोलणं झालं नव्हतं. आज जेवताना काढलं.

चारुदत्तचं म्हणणं, आता ऐन वेळी आईंकडे कोण बघणार? तात्पुरती बाई ठेवायची तर दिवसाचे दीडशे दिरहॅम, म्हणजे साडेतीन हजार रुपये, आणि अनोळखी बाई आईंना उचलणार कशी?

आई ताटावरून म्हणाल्या, "अरे, जाऊ दे तिला. पोरीचा पहिला सण. मी चार दिवसांत मरत नाही, आणि मेले तर तसंही बाई लागणार नाही."

"आई, प्लीज."

"प्लीज काय? तिला प्लीज म्हण."

मुग्धा म्हणाली, "डॅड, शी डिडन्ट इव्हन गो फॉर द वेडिंग. दॅट्स सो मीन." पंधरा वर्षांची पोर मला शिकवते. मी तिला म्हटलं, मोठ्यांच्या अडचणी असतात. मग चारू खरं काय ते बोलला: "गेली आणि परत आली नाही तर? व्हिसाचा सगळा खर्च आपण केलाय."

मला त्याचा रागच आला. मी तिथेच म्हटलं, हा विचार मला पटत नाही, ती जाणार. दर्शना स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू गेलंच असेल. त्यामुळे वेगळं जाऊन सांगितलं नाही.

तिच्या खोलीतून फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं: "काय रडतंस गो चेडवा? मी येतंय. सुपां मीच भरतलंय."

२७ ऑगस्ट, बुधवार

घरचा दीड दिवसाचा गणपती. दर्शनाने एक्कावन्न मोदक केले, एकही फुटला नाही. मुग्धाने आरतीचा छान फोटो काढला. दर्शनाही कडेला ताट धरून उभी होती, पण तिच्यामागे बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे येत होते, म्हणून तेवढा भाग कापून स्टेटसला ठेवला. पुण्याहून ऐंशी जणांनी बघितला.

कशफचा फोन: रोनित अजून हटून बसलाय. मी सांगितलं, 'अटेंडंट' लिहिणार असाल तर पाटीवरून आणि कॅटलॉगमधून माझं नाव काढा. ती म्हणाली, "नोकरीही जाऊ शकते, जान." मी म्हटलं, जाऊ दे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

जिंकले. रोनितने रात्री कुणा लंडनच्या अभ्यासकाला विचारलं, त्याने सांगितलं की हे उघड केलं तर चित्राचं मोल वाढेल. म्हणून मान्य! कारण चीड आणणारं आहे, पण उद्या सकाळी घडी उलगडून, चित्र नव्या चौकटीवर चढवून भिंतीवर लागणार. पाटीत 'गुलाम' हाच शब्द.

घरी येऊन हॉलमध्ये सगळ्यांना पाटी मोठ्याने वाचून दाखवली. मुग्धाने टाळ्या वाजवल्या. दर्शना चहाचा ट्रे घेऊन उभी राहून ऐकत होती.

"त्या बाईचं गाव कुठलं, ताई?"

"नोंद नाही गं."

"कुणी विचारलंच नसेल." ट्रे खाली ठेवून ती म्हणाली, "माझा पासपोर्ट द्याल? उद्या दोनचं विमान आहे. तिकीट रामचंद्राने काढलंय. माझ्या पैशाने."

मला काय वाटलं ते खरं लिहिते. पहिल्यांदा अपमान वाटला. माझ्या घरात राहून तिकीट रामचंद्रकडून? मी नाही म्हटलं होतं का कधी? एकदा तरी नाही म्हटलं होतं का?

चारू म्हणाला, "तिकीट काढायच्या आधी विचारायची पद्धत असते, दर्शना."

"तीन वेळा विचारलं, दादा."

आई म्हणाल्या, "चार. पहिल्यांदा माझ्यासमोर विचारलं होतंन, ते तुम्ही धरत नाही."

चारू उठून आत गेला, दार जरा जोरात लागलं. मी दर्शनाला म्हटलं, "देते. सकाळी देते. आत्ता त्याला शांत होऊ दे." लॉकरची किल्ली माझ्या पर्समध्येच असते. कपाट बेडरूममध्ये आणि चारू बेडरूममध्ये. त्याच्यासमोर जाऊन उघडायचं म्हणजे आणखी तासभर वाद, आणि दिवस इतका चांगला गेला होता.

३० ऑगस्ट, शनिवार

मी विसरले.

हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं.

सकाळी साडेसहाला निघाले, ट्रॅफिक टाळायला. चारू मुग्धाला घेऊन अबू धाबीला, तिची पोहण्याची स्पर्धा. दर्शना तेव्हा आईंना आंघोळ घालत होती. नळाचा आवाज ऐकल्याचं मला आठवतं. किल्ली माझ्या पर्समध्ये. चित्रं लावताना फोन दारावरच्या पेटीत जमा करायचा आमचा नियम आहे. खिळे एकेक करून काढले, घडीवर ओलसर कागद ठेवून थांबत-थांबत कॅनव्हास सपाट केला, ती बाई हळूहळू पुढे आली, आणि मी खरोखर रडले. दोनशे वर्षांनी तिला उजेड दिसला असं काहीतरी कशफला म्हणालेही.

अकराला रामचंद्र शिडीवरून म्हणाला, "दर्शना निघाली असेल ना आता?"

मी म्हटलं, "हो, निघाली असेल."

हे मी म्हटलं. पर्स तिथेच, खुर्चीवर होती. तेव्हा मला आठवलं नाही असं मी चारूला सांगितलं, कशफला सांगितलं, आईंना सांगितलं. इथे काय लिहू? एक क्षण काहीतरी टोचल्यासारखं झालं होतं. पण रामचंद्रच्या हातात तेव्हा चित्राचं एक टोक होतं, माझ्या हातात पातळी बघायची पट्टी होती, आणि मी म्हटलं, "डावीकडे जरा वर."

चार वाजता फोन हातात आला. सतरा मिस्ड कॉल.

घरी आले तर आई वॉकर धरून दारातच उभ्या. बेडरूममध्ये कपाटाच्या दाराला ओरखडे, खाली उलथनं पडलेलं, वाकडं झालेलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने ऑपरेशन झालेल्या पायावर उभं राहून कपाट उचकटायचा प्रयत्न केला होता. बारा वाजेपर्यंत.

"आई, मी विसरले हो."

"त्या इंग्रजाला निदान ठाऊक तरी होतं आपण काय करतोय ते."

दर्शना ओट्यापाशी भेंडी चिरत होती. विमानाला घालायचा म्हणून इस्त्री केलेला पिवळा ड्रेस अंगावर तसाच. मी पासपोर्ट काढून तिच्यासमोर धरला. हात पुसून घेतला तिने.

"किल्ली घरात ठेवायची होती, ताई."

उद्याच्या सगळ्या विमानांत शोधलं. रात्रीचं एक मिळतंय, पण ते मुंबईला पहाटे. तिथून कणकवली गाठेपर्यंत पूजा आटोपलेली असेल. तरी काढू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आता कशाला?"

माझ्यावर कुणाचाच विश्वास का नाही? मी ज्या गोष्टींसाठी भांडले त्या खोट्या होत्या का?

३१ ऑगस्ट, रविवार

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. चारूने मात्र चहा करून आणून दिला आणि म्हणाला, "इट्स ओके. होतं असं." त्याच्या दिलाशाने जास्त राग आला.

१ सप्टेंबर, सोमवार

ओवसा व्हिडिओवर झाला. मी दर्शनाला म्हटलं, हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर लावू. ती म्हणाली, नको. ओट्यावर फोन डब्याला टेकवून उभी राहिली. मी दाराआडून बघितलं. आत जायला धीर झाला नाही. हिरव्या साडीतली संजना, हिच्यासारखंच नाक. सुपं हिच्या जावेने भरली होती. एकात काहीतरी कमी होतं, ते दर्शना इथून सांगत होती: "काकडीची पानां घाल गो, पानां." तिकडे ढोल, फुगड्या, कुणाला ऐकू जातंय!

मग संजना फोनजवळ आली. "आये, तू येतंय म्हटलंस ना?"

दर्शना म्हणाली, "विमान चुकला माझा."

माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

उद्घाटन. गर्दी. हॅलवेलच्या चित्रापुढे सगळ्यात जास्त. लोक आधी साहेबाकडे बघतात, मग डावीकडे वळतात, मग पाटी वाचतात, मग आवाज खाली येतो. हवं होतं तेच झालं. रोनितने भाषण केलं: सत्य दाखवायला धैर्य लागतं, आणि ते धैर्य आपण दाखवलं! टाळ्या. कशफने मला पुढे ओढलं. "ही आमची सुनेत्रा, एका शब्दासाठी नोकरी पणाला लावणारी." पुन्हा टाळ्या.

रामचंद्र काळा गणवेश घालून दाराशी उभा होता. मी जवळ गेले. "दर्शनाने सांगितलं असेल."

"हो."

"मी मुद्दाम नाही केलं, रामचंद्र."

त्याने दार धरून दोघा पाहुण्यांना आत सोडलं. "मॅडम, आमचा मॅनेजर पण मुद्दाम नव्हता करत. फाइल बंद करून ठेवायची त्याची सवय." मग माझी अवस्था बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. "पाणी आणू?"

मी त्याच्यावर चिडले. मनातल्या मनात, पण चिडले. त्या मॅनेजरशी माझी तुलना! इतके दिवस जे लिहिलं ते आज परत वाचलं. दहा तारखेपासून जवळजवळ प्रत्येक नोंदीत ती आहे, एकेका ओळीत, चित्राच्या मजकुराखाली. मी तिला आडकाठी केली असं कुठेच लिहिलेलं नाही. तिला समोर उभं करून 'जा' म्हटलं असंही कुठे नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

दर्शनाला व्हिसा रद्द करून हवाय. कायमची जाते म्हणाली. चारू म्हणाला, "बघ, मी काय सांगत होतो!" जणू तो बरोबर ठरला. मी ओरडले त्याच्यावर, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने. मुग्धा खोलीतून बाहेर आली नाही.

दर्शनाशी बोलायला गेले. पगार वाढवते म्हटलं. दर वर्षी तिकीट म्हटलं. पासपोर्ट तुझ्याकडेच राहील म्हटलं. ती आईंच्या औषधांचे डबे भरत होती, सकाळ-दुपार-संध्याकाळ, महिनाभराचे. "नवीन बाईला वाचता येणार नाही म्हणून चित्रं काढून ठेवलीत," म्हणाली. सूर्य, अर्धा सूर्य, चंद्र.

"रागावून जातेयस?"

"नाही ताई. घरी जातेय."

आईंनी तिला स्वतःची मोत्याची नथ दिली. माझ्यासाठी ठेवलेली. मला न विचारता दिली, आणि मला ते बरोबरच वाटलं. म्हणजे आधी वाईट वाटलं आणि मग बरोबर वाटलं. क्रम लिहून ठेवते.

८ सप्टेंबर, सोमवार

व्हिसा रद्द करायला, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो, मी आणि दर्शना. नंबर लागायला तासभर. तिने पासपोर्ट छातीशी धरून ठेवला होता, मागितला तेवढा वेळच दिला आणि क्लार्कच्या हाताकडे बघत राहिली. क्लार्क केरळचा, चटपटीत. हिंदीत विचारत होता, इंग्रजीत टाइप करत होता. नाव, वय, स्पॉन्सर. मग म्हणाला, "मॅडम, कॅन्सल का रीझन?"

मी तोंड उघडलं. गेला महिनाभर एका शब्दासाठी मी लोकांना झोपू दिलं नव्हतं. रोनितला बोलले, कशफला बोलले, माझ्या स्वतःच्या शिक्षणाला बोलले. इथे मला साठ शब्द नको होते, सहाही पुरले असते. मागे रांगेत माणसं होती, एका माणसाच्या कडेवर मूल रडत होतं. दर्शना माझ्याकडे बघत होती. आग्रह नव्हता त्या बघण्यात. मी काय सांगते एवढंच तिला बघायचं होतं.

"जल्दी, मॅडम. पर्सनल रीझन डालूं? सब वही डालते हैं।"

मी म्हटलं, "हां, डाल दो."

त्याने टाइप केलं, कागद माझ्याकडे सरकवला. मी ओळ न् ओळ वाचली, सवयीने. स्पेलिंग सगळी बरोबर होती. सही केली.